दांडा अडला, आता काय?



आज आम्ही तुमच्याशी मोटारगाडीविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, "तुम्ही आलात अक्षरे शिकवायला, आणि हे मोटारीचे काय काढलेत?" खरे आहे. पण अक्षरे शिकायची कशासाठी? रोजच्या कामाला यावीत म्हणून. आज जी चार अक्षरे आम्ही सांगणार आहोत, ती नीट ओळखली आणि त्यांचा अर्थ कळला, तर एखादे वेळी जीव वाचेल. तेव्हा जरा लक्ष देऊन ऐका.

एक काळ असा होता की गावात मोटार आली की पोरे तिच्यामागे धावत. आता घराघरापुढे गाडी दिसते. कुणी स्वतः घेतली आहे. कुणी मालकाची चालवतो. कुणाचा मुलगा, कुणाची सून शहरातून गाडी घेऊन सणाला गावी येते. त्यांत आता एक नवी तऱ्हा वाढली आहे. त्या गाडीला क्लच नसतो. गिअर हाताने टाकावा लागत नाही. गाडी आपला गिअर आपणच बदलते. तिला ऑटोमॅटिक गाडी म्हणतात.

चालवायला ती सोपी. पण कधी कधी ती एक वेगळाच हट्ट धरते. गाडी अंगणात उभी आहे. आपण बसलो. किल्ली फिरवली. आता निघायचे. पण गिअरचा दांडा जागचा हलतच नाही. ओढा, ढकला, काही उपयोग नाही. घरात आजारी माणूस असते, दवाखान्यात न्यायचे असते, आणि गाडी अडून बसते. मग चार माणसे जमतात. एक म्हणतो, "जोरात ओढ." दुसरा म्हणतो, "धक्का मारू." तिसरा हातोडी घेऊन येतो.

मंडळी, धोका असतो तो इथेच. दांडा अडला म्हणून सहसा कुणाला इजा होत नाही. घाईघाईने दांडा सोडवला, आणि उतारावरची गाडी निघाली, तर मात्र होते. म्हणून आजची मुख्य गोष्ट आधीच सांगून ठेवतो. दांडा सोडवण्याआधी गाडी बांधा. गाडी बांधायची म्हणजे हॅन्डब्रेक ओढायचा आणि चाकाला दगड लावायचा. बाकीचे सगळे त्यानंतर.

चार अक्षरे

ऑटोमॅटिक गाडीच्या दांड्याजवळ इंग्रजी अक्षरे लिहिलेली असतात. इंग्रजी म्हणून घाबरू नका. चारच आहेत.

पहिले अक्षर पी. काठी उभी करून तिच्या वरच्या टोकाला एका बाजूने गाठोडे बांधावे, तसे हे दिसते. पी म्हणजे पार्क. गाडी उभी करून ठेवण्याची जागा.

दुसरे अक्षर आर. पी लाच खाली एक तिरका पाय फुटला की आर झाला. आर म्हणजे रिव्हर्स. गाडी मागे जाणार.

तिसरे अक्षर एन. दोन उभ्या काठ्या आणि मध्ये एक तिरपी काठी. एन म्हणजे न्यूट्रल. गाडी मोकळी. धक्का दिला की सरकते, उतार असला की आपोआप निघते.

चौथे अक्षर डी. धनुष्य आठवा. एका बाजूला सरळ दोरी, दुसऱ्या बाजूला वाकलेली कामठी. डी म्हणजे ड्राइव्ह. गाडी पुढे जाणार.

यांतल्या पी मध्ये दांडा अडतो. तो का अडतो हे समजायचे तर पी मध्ये काय होते ते पाहिले पाहिजे.

एका दांड्याला दोन कड्या

गाडीच्या गिअरबॉक्समध्ये एक दात्यांचे चाक असते. दांडा पी मध्ये नेला की एक लोखंडी खिट्टी त्या दात्यांत जाऊन बसते. मग ते चाक फिरत नाही, आणि त्याला जोडलेली गाडीची चाकेही फिरत नाहीत. ही पहिली कडी. आपल्या दाराच्या कडीसारखीच ती साधी आहे.

आता दुसरी कडी. ही दांड्यापाशीच असते. ती विजेवर चालते. मिस्त्री लोक तिला सोलेनॉइड म्हणतात. तिचे काम पहारेकऱ्याचे. जुन्या वाड्याच्या दारावर पहारेकरी असे. ठरलेली खूण सांगितल्याशिवाय तो दार उघडत नसे. इथली खूण कोणती? किल्ली चालू पाहिजे, आणि पाय ब्रेकवर पाहिजे. पायाने ब्रेक दाबला की तारेतून निरोप जातो. 'टक्' असा बारीक आवाज होतो. पहारेकरी बाजूला होतो, आणि दांडा हलतो.

हा पहारेकरी का ठेवला? त्यालाही कारण घडले. १९८६ च्या सुमारास अमेरिकेत ऑडी नावाच्या जर्मन कंपनीच्या एका गाडीविषयी फार ओरड झाली. लोक म्हणत, "आम्ही ब्रेक दाबला तरी गाडी उसळून पुढे गेली." माणसे जखमी झाली, काही मेली. अमेरिकेच्या सरकारी खात्याने पुष्कळ तपास केला. १९८९ साली त्याचा अहवाल आला. त्यात असे दिसले की पुष्कळ ठिकाणी चालकाचा पाय ब्रेकऐवजी भलत्याच पेडलवर पडला होता. ब्रेक समजून त्याने वेग वाढवण्याचे पेडल दाबले होते. अहवाल येण्याआधीच, १९८७ साली, कंपनीने आपल्या गाड्यांत ही कडी बसवायला घेतली. आधी पाय ब्रेकवर, मग दांडा हलेल, अशी सोय केली.

दुसरे कारण लेकरांचे. मोठी माणसे खाली उतरलेली, मूल गाडीत खेळते आहे. खेळता खेळता त्याने दांडा ओढला, की गाडी निघालीच. लहान मुलाला दांडा ओढता येतो, पण त्याच वेळी ब्रेक दाबणे त्याला सुचत नाही. अमेरिकेत २००८ साली मुलांच्या सुरक्षिततेसाठी एक कायदा झाला. त्याप्रमाणे १ सप्टेंबर २०१० पासून तिथे तयार होणाऱ्या, पी असलेल्या सर्व हलक्या ऑटोमॅटिक गाड्यांत ही कडी सक्तीची झाली. आपल्याकडच्या पी असलेल्या पुष्कळ गाड्यांतही ती असते.

म्हणजे पाहा, दांडा अडतो तो आपल्याशी वैर म्हणून नव्हे. तो राखण करतो. राखणदार कुत्रे आपल्यावरच भुंकले तर आपण त्याला लगेच मारत नाही. ते का भुंकते आहे ते आधी पाहतो. तसेच इथे करायचे.

आधी साध्या गोष्टी पाहा

दांडा अडला की पुष्कळ वेळा कारण अगदी साधे निघते. ते पाहायला मिस्त्री लागत नाही.

पहिली गोष्ट. किल्ली पुरती फिरली आहे का? समोरच्या पाटीवरचे दिवे लागले पाहिजेत. किल्लीच फिरत नसेल तर स्टेअरिंगला कुलूप बसले असेल. स्टेअरिंग हाताने थोडे डावीउजवीकडे हलवत किल्ली फिरवा. कुलूप सुटते. बटण दाबून सुरू होणारी गाडी असेल, तर ती खरोखर चालू झाली आहे का ते पाहा.

दुसरी गोष्ट. ब्रेक पुरता दाबला गेला आहे का? पायाशी वाकून पाहा. पाण्याची बाटली, चप्पल, गोळा झालेली चटई ब्रेकखाली अडकलेली असते. तिच्यामुळे पेडल खाली जात नाही. हे नुसते दांड्याचे दुखणे नव्हे. अशी बाटली घाटात ब्रेकखाली आली तर काय होईल, विचार करा. ड्रायव्हरच्या पायाशी कधीही काही ठेवू नका.

आणखी एक. बंद गाडीत पेडल दोन-चार वेळा दाबले की ते घट्ट होते. दगडासारखे लागते. घाबरू नका, गाडी बिघडलेली नाही. इंजिन बंद असल्याने ब्रेकला मिळणारी मदत संपलेली असते. पाय जोराने रेटा.

तिसरी गोष्ट. दांड्याच्या मुठीवर बटण असते. पुष्कळ गाड्यांत ते दाबल्याशिवाय दांडा निघत नाही. नवा माणूस ते विसरतो. बटण दाबा, ब्रेक दाबलेला ठेवा, आणि मग दांडा ओढा.

चौथी गोष्ट. दांड्याच्या फटीत पाहा. गाडीत चहा सांडतो. साखरेचा पाक वाळला की तो डिंकासारखा चिकटतो. सुपारीचे खांड, नाणे, मुलांची गोळी, असे काहीही फटीत पडते. बटण दाबले जाते, पण परत वर येत नाही, किंवा दांडा अर्ध्यावर अडतो. पडलेली वस्तू काढा. ओल्या फडक्याने पुसून घ्या. पाणी मात्र ओतू नका. खाली विजेच्या तारा आहेत.

उतारावर अडलेला दांडा

आता उताराचे पाहू. आपल्याकडे घाट आहेत, गढीवरची घरे आहेत, रस्त्यावरून अंगणात उतरणारी वाट आहे. गाडी नेहमी सपाटीवर उभी राहते असे नाही.

पुष्कळ लोक उतारावर गाडी थांबवतात, दांडा पी मध्ये टाकतात, आणि ब्रेकवरून पाय काढतात. गाडी हातभर सरकते आणि 'धप्' करून थांबते. ती कशावर थांबली? त्या लहानशा खिट्टीवर. हजार-दीड हजार किलोची गाडी एका खिट्टीवर रेलून उभी राहते. वर माणसे आणि धान्याची पोती असली तर विचारूच नका.

सकाळी निघताना दांडा ओढला तर तो येत नाही. का येत नाही? आपल्या घरचे उदाहरण घ्या. बाहेरून कुणी दार रेटून धरले तर आतली कडी निघते का? नाही निघत. कडीवर दाराचा दाब असतो. बाहेरच्याने दार जरा सैल सोडले की कडी बोटाने सरकते. खिट्टीचेही तसेच आहे. तिच्यावर गाडीचा भार आहे. तो उतरला की ती सुटते.

मग भार कसा उतरवायचा? आधी काय करायचे नाही ते सांगतो. गाडीच्या उताराच्या बाजूला कुणीही उभे राहायचे नाही. खालून रेटा द्यायला चार जण पुढे येतात. खिट्टी सुटली तर गाडी त्यांच्याच अंगावर येईल. मुले, बाया, बघे, सगळ्यांना बाजूला करा.

हॅन्डब्रेक पुरता ओढा. चाकांना उताराच्या बाजूने मोठे दगड लावा. गोल गोटा नको, चपटा आणि जड दगड हवा. ट्रकचा क्लीनर घाटात हेच करतो, ते तुम्ही पाहिले असेल. मग जाणत्या माणसाने ड्रायव्हरच्या जागी बसावे. इंजिन सुरू करावे. ब्रेक जोराने दाबून, बटण दाबून दांडा एकदा ठामपणे ओढावा. बऱ्याच वेळा तो 'खट्' आवाज करून येतो. आवाज मोठा येतो, पण एखाद्या वेळी आला म्हणून भिऊ नये. पाय मात्र ब्रेकवरून हलवायचा नाही.

एवढ्याने आला नाही तर वरच्या बाजूला ट्रॅक्टर किंवा दुसरी गाडी लावावी. दोर गाडीच्या ओढण्याच्या हुकाला बांधावा, बंपरला नव्हे. वरून सावकाश ताण द्यावा. ताण आल्यावर बसलेल्या माणसाने हॅन्डब्रेक सोडावा आणि पायाचा ब्रेक किंचित सैल करावा. गाडी चार बोटे वर आली की लगेच ब्रेक पुन्हा घट्ट दाबावा. आता खिट्टीवर भार नाही. दांडा हलक्या हाताने निघेल. दगड तोवर चाकांजवळच असू द्यावेत. दोर ताणलेला असेपर्यंत त्याच्या आसपासही कुणी उभे राहू नये. दोर तुटला तर चाबकासारखा बसतो.

हा सगळा खटाटोप टाळता येतो. गाडी उभी करण्याची रीत शिकून घ्या. गाडी थांबवा, पाय ब्रेकवर. दांडा एन मध्ये आणा. हॅन्डब्रेक ओढा. पाय हळूच सैल करा. गाडीचा भार हॅन्डब्रेकवर बसेल. ती सरकत नाही ना, ते पाहा. मग ब्रेक पुन्हा दाबून दांडा पी मध्ये टाका. मग इंजिन बंद करा. निघताना उलट. ब्रेक दाबा, इंजिन सुरू करा, दांडा पी मधून काढून डी मध्ये आणा, आणि हॅन्डब्रेक सर्वांत शेवटी सोडा.

काही जण म्हणतात, "पी आहे की! हॅन्डब्रेक कशाला?" त्यांना सांगा, घराला कडी असली तरी आपण रात्री आडणाही लावतोच.

सपाटीवर अडला तर

गाडी सपाट जागी आहे. किल्ली चालू आहे, ब्रेक दाबला आहे, बटण दाबले आहे, फट स्वच्छ आहे. तरी दांडा येत नाही. मग दोष पहारेकऱ्याकडे आहे, किंवा त्याला निरोपच पोचत नाही. ते ओळखायची युक्ती सांगतो.

इंजिन बंद ठेवा, पण किल्ली चालू ठेवा. गाडीत बोलणे बंद करा. ब्रेक दाबा आणि दांड्याशी कान द्या. 'टक्' असा आवाज आला का? आला तर निरोप पोचला, पहारेकरी हलला. मग दांड्यातच काही अडकले आहे, किंवा आतला भाग मोडला आहे. आवाज आला नाही तर वीज पोचत नाही, किंवा पहारेकरीच बिघडला आहे.

आता ब्रेक दाबून मागचे लाल दिवे पाहायला सांगा. पाहणाऱ्याने गाडीच्या मागे उभे राहू नये. बाजूला उभे राहून पाहावे. एकटे असाल तर मागच्या भिंतीवर लाल उजेड पडतो का ते आरशात पाहा.

दिव्यांचा आणि दांड्याचा काय संबंध? ब्रेकच्या पेडलवर एक लहान स्विच असतो. पुष्कळ गाड्यांत हाच एक स्विच मागचे दिवे लावतो आणि हाच दांड्याकडे निरोप पाठवतो. एक पोस्टमन, दोन घरे. म्हणून मागचा एकच दिवा लागत नसेल तर बल्ब गेला असे समजा. पण एकही दिवा लागत नसेल तर फ्यूज गेला किंवा स्विच बिघडला, असे समजा. मग दांडा का अडला, तेही कळले.

फ्यूज बदलता येतो. तो कुठे आहे ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. पण जेवढ्या आकड्याचा फ्यूज गेला, तेवढ्याच आकड्याचा नवा घाला. त्याच्या पाठीवर आकडा असतो, १०, १५, २० असा. आता तुम्हांला आकडे वाचता येतात, मग वाचून घाला. काही लोक फ्यूजच्या जागी तार किंवा चांदीचा कागद लावतात. तसे करू नका. फ्यूज जळतो तो गाडी जळू नये म्हणून. नवा फ्यूज लगेच पुन्हा गेला तर तारेत दोष आहे. मग मिस्त्रीला दाखवाच.

बॅटरीचेही पाहा. समोरचे दिवे मिणमिणतात, हॉर्न रडतो, इंजिन फिरत नाही, अशी लक्षणे दिसली तर बॅटरी उतरली आहे. वीज नाही, म्हणून पहारेकरी हलत नाही. कधी कधी कारण त्या ब्रेकच्या स्विचपाशीच असते. काही गाड्यांत पेडलजवळ रबराची किंवा प्लॅस्टिकची लहान गुंडी असते. ती जुनी होऊन तुटून पडते. मग पाय काढला तरी स्विच बंद होत नाही. मागचे लाल दिवे रात्रभर जळत राहतात. सकाळी बॅटरी रिकामी, आणि दांडा घट्ट. पायाशी प्लॅस्टिकचे तुकडे सांडलेले दिसले तर हे ओळखावे. गुंडी स्वस्त असते. ती वेळीच बसवली नाही तर बॅटरीचा खर्च पदरी पडतो.

इथे एक ध्यानात धरा. साध्या गाडीची बॅटरी उतरली तर आपण धक्का मारून ती सुरू करतो. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही. धक्का मारणाऱ्यांना उगीच दमवू नका. दुसऱ्या बॅटरीवरून तारा जोडून ती सुरू करावी लागते. ते जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

अडचणीची वाट

गाडी बनवणाऱ्यांनीही विचार केलेला आहे. पहारेकरी बिघडला तर गाडी हलणारच कशी? म्हणून पुष्कळ गाड्यांत दांड्याजवळ एक लहान झाकण किंवा बटण ठेवलेले असते. ते हाताने कडी सोडण्यासाठी. ते वापरायची रीत अशी.

आधी हॅन्डब्रेक पुरता ओढा. चाकांना पुढूनमागून दगड लावा. पाय ब्रेकवर ठेवा. झाकण हळूच काढा. आत किल्लीचे टोक किंवा लहान स्क्रू-ड्रायव्हर घालून दाबा. ते दाबलेले असतानाच मुठीवरचे बटण दाबा आणि दांडा एन मध्ये आणा. गाडी एन मध्येही सुरू होते. सुरू करून, ब्रेक दाबलेला ठेवूनच पुढचे करा.

झाकणाची जागा गाडीगणिक वेगळी असते. काही नव्या गाड्यांत दांड्याऐवजी फिरवायची मूठ किंवा नुसती बटणे असतात. त्यांची रीत निराळी, आणि काहींना असे झाकण नसतेही. म्हणून आपल्या गाडीच्या पुस्तकात पाहून ठेवा.

हा उपाय गॅरेजपर्यंत जाण्यापुरता आहे. रोजचा नव्हे. ब्रेकचे दिवे लागत नसताना गाडी बाहेर काढली तर आपण थांबतो आहोत हे मागच्याला कळत नाही. मागून ट्रक येऊन आदळतो. तेव्हा दिवसाउजेडी, हळू, हाताची खूण करत जवळच्या गॅरेजात जा. रात्री जाऊ नका. घाटात तर मुळीच जाऊ नका.

आणि आजारी माणूस घरात असेल तर? तर गाडीच्या नादी लागू नका. आधी १०८ ला फोन करा, किंवा शेजाऱ्याची गाडी मागा. एका माणसाने ते काम करावे, दुसऱ्याने दांडा पाहावा. गाडी उद्या दुरुस्त होईल. आजाऱ्याला उद्यापर्यंत थांबता येत नाही.

आणखी दोन इशारे

कधी उलटे होते. दांडा लोण्यासारखा हलतो, पण गाडीला त्याचा पत्ताच नाही. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी केबल तुटली, किंवा तिचा सांधा निसटला, तर असे होते. तेव्हा दांडा पी वर दिसतो, पण आत खिट्टी बसलेलीच नसते. हे अडलेल्या दांड्यापेक्षा वाईट. दांडा एकाएकी सैल लागू लागला तर हॅन्डब्रेक ओढा, दगड लावा, आणि मिस्त्री येईपर्यंत गाडी हलवू नका.

दुसरे. काही स्वस्त ऑटोमॅटिक गाड्यांत पी हे अक्षरच नसते. आपल्याकडे २०१४ पासून अशा गाड्या बऱ्याच आल्या. त्यांना एएमटी म्हणतात. त्यांचा गिअरबॉक्स साध्या गाडीचाच असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र सांभाळते. अशी गाडी एन मध्ये सोडून उतरू नका. इंजिन बंद करताना ती गिअरमध्ये ठेवा, आणि हॅन्डब्रेक ओढाच. पाहुण्याची गाडी हाती घेतली तर आधी अक्षरे वाचा. पी आहे का? नसेल तर तिची रीत विचारून घ्या.

ऑटोमॅटिक गाडी ओढून न्यायची वेळ आली तर पी मध्ये असताना फरफटत ओढू नका. आतले यंत्र मोडते. उचलून नेणारी गाडी मागवा. आणि गाडी चालत असताना दांडा कधीही पी मध्ये ढकलू नका. खिट्टी दात्यांवर करकर आपटते आणि मोडते. गाडी पुरती थांबू द्या, मग पी.

वहीत लिहा

मंडळी, बोलणे फार झाले. आता तुमचे काम. गाडीबरोबर कंपनीचे पुस्तक मिळते. बहुतेक घरांत ते प्लॅस्टिकच्या पिशवीत तसेच पडून असते. आज घरी गेल्यावर ते काढा. इंग्रजीत असेल तर शिकलेल्या मुलाला, मुलीला जवळ बसवा. वाचून घ्या, आणि मराठीत आपल्या हाताने लिहा. फ्यूजची पेटी कुठे आहे. ब्रेकच्या फ्यूजवर कोणता आकडा आहे. कडी सोडायचे झाकण कुठे आहे. गाडी ओढायचा हुक कुठे आहे. गॅरेजवाल्याचा फोन नंबर. हा कागद गाडीतच ठेवा. रात्रीअपरात्री तुम्ही घरी नसाल तेव्हा तो तुमच्या घरच्या माणसांच्या उपयोगी पडेल.

त्याच कागदावर, सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत ह्या ओळी लिहा.

दांडा अडला तर ओढाताण करू नये.
आधी हॅन्डब्रेक. मग चाकाला दगड.
उताराच्या बाजूला कुणी उभे राहू नये.
पाय ब्रेकवर. किल्ली चालू. बटण दाबलेले.
आवाज ऐकावा. मागचे दिवे पाहावेत.
समजले नाही तर मिस्त्रीला बोलवावे.

लिहून झाले की घरातल्या सगळ्यांना एकदा मोठ्याने वाचून दाखवा. गाडी चालवत नाहीत त्यांनाही. कारण गाडी निसटली तर तिच्यापुढे कोण उभे असेल, हे कुणाला सांगता येत नाही.